तांबटाच्या दाराचं माप

बाळांनो, डोंगरउतारावरच्या एका रानात एक तांबट पक्षी राहत असे. अंगाने मुठीएवढा, कपाळावर लाल टिळा, आणि काम घरं कोरण्याचं. पांगाऱ्याची वाळलेली फांदी निवडायची, तिच्या खालच्या अंगाला चोचीने गोल दार पाडायचं आणि आत वीतभर खोल खोली कोरायची. दार खालच्या अंगाला, म्हणून पाऊस आत येत नसे. आणि दार इतकं अरुंद, की राहणाऱ्यानेही अंग चोरूनच शिरावं. एखादं नवं गिऱ्हाईक कुरकुरलं, की तांबट म्हणे, "तुला शिरायला त्रास होतो ना? मग तुला खायला येणाऱ्याला किती होईल, ते बघ." मैना, चिमण्या, खारी त्याच्याकडून घरं घेत आणि त्याला पिकली उंबरं आणून देत. त्यात त्याचं सुखाने चाललं होतं.

त्याच रानात एक अस्वल होतं. त्याचा कारभार मोठा. डोंगराच्या पायथ्याशी गुहा खणायच्या आणि साळिंदरं, तरस, रानडुकरं यांना द्यायच्या. एका उन्हाळ्यात त्याने घाईघाईने खणलेल्या गुहेचं छत बसलं आणि आतलं साळिंदर कायमचं लंगडं झालं. ओरड वाघापर्यंत गेली. वाघाने कोल्ह्याला बोलावून सांगितलं, "यापुढे तपासल्याशिवाय कुणी कुणाला घर द्यायचं नाही." सांगणं रास्तच होतं. पण तपासायचं कसं, हे ठरवायला कोल्हा बसला तो अस्वलाच्या दारात, त्याच्या पोळ्यातला मध चाटत. तिथे असं ठरलं, की तपासणाऱ्याचं डोकं दारातून आत गेलं पाहिजे. कोल्ह्याने आपल्या डोक्याच्या मापाचं वेलीचं एक कडं वळलं आणि गळ्यात घातलं. दार त्या कड्याएवढं असलं, तरच बाहेर त्याच्या पंजाची खूण मिळणार. खूण नसेल त्या घरात कुणी राहायचं नाही. अस्वलाच्या दारातून कोल्हा उभाच्या उभा जात होता. एका सकाळीत सगळ्या गुहांवर खुणा झाल्या. छताकडे त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

मग तो पांगाऱ्याखाली आला. वर तांबट एका खारीचं घर पुरं करत होता. खारीचे दिवस भरले होते. ती शेजारच्या फांदीवर बसून सारखी विचारत होती, "झालं का हो, तांबटभाऊ?"

कोल्ह्याने खालूनच कडं दाखवलं. "दार लहान आहे. एवढं कर."

तांबट म्हणाला, "कोल्हेदादा, एवढ्या दारातून रानमांजर आत जाईल. आणि डोकं घालून बघायचं म्हणता, पण तुम्हाला तर झाडावर चढता येत नाही. घालणार कधी?"

"मी चढेन नाहीतर न चढेन. नियम तो नियम."

"पण छत पडलं अस्वलाचं. माझ्या खोलीचं छत म्हणजे जिवंत झाडाची फांदी—" तांबट थांबला. फांदी वाळलेली होती आणि त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "वाळली असली तरी ठोकून, आवाज ऐकून निवडलेली आहे. आजवर एक तरी मोडली का?"

तेवढ्यात मागून अस्वल डुलत आलं. "नियम सगळ्यांना सारखा असतो, भाऊ," ते म्हणालं. "जमत नसेल तर राहू दे. खारुताई, माझ्या गुहेच्या कोपऱ्यात ये की. शेजारी तरस आहे, पण स्वभावाने बरा आहे."

खारीच्या अंगावर काटा आला. ती हळूच म्हणाली, "भाऊ, करा मोठं. मला आता थांबता येणार नाही."

तांबटाने कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतःच्या चोचीने स्वतःचं काम बिघडवलं. दार कड्याएवढं झालं, कोल्ह्याने बुंध्यावर पंजा ओढला आणि तो निघून गेला. आठ दिवसांनी भर दुपारी खार दाणे आणायला गेली असता रानमांजर त्या दारातून आत शिरलं. खार ओरडत परत आली तेव्हा तीन पिलांतली दोनच उरली होती. त्यात भर म्हणजे रानात बोलणं झालं ते असं, की तांबटाची घरं कुचकामी.

तांबट त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो खारीला घेऊन थेट वाघापुढे गेला. कोल्हाही तिथेच होता. वाघाने सगळं ऐकून घेतलं आणि कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्हा म्हणाला, "सरकार, बुंध्यावर माझी खूण आहे. तपासणी रीतसर झाली आहे."

तांबट एक उडी मारून पुढे आला. "कोल्हेदादा, एकच विचारतो. तुमच्या स्वतःच्या बिळाचं दार केवढं आहे?"

कोल्हा जमीन उकरू लागला. "आहे आपलं... अरुंद. अंग चोरून जावं लागतं."

"का बरं?"

"बिबट्या आत येऊ नये म्हणून."

वाघाने विचारलं, "तुझ्या बिळावर खूण कुणाची?"

"माझीच, सरकार."

"आपलं घर आपणच तपासावं, हे काही बरं नाही," वाघ शांतपणे म्हणाला. "उद्या मी येतो. माझं डोकं आत गेलं पाहिजे."

कोल्ह्याने गळ्यातलं कडं काढलं आणि तिथल्या तिथे दातांनी तोडून टाकलं. वाघाने त्याला अस्वलाच्या गुहांची छतं एकेक करून बघायला पाठवलं. त्यांतल्या दोन त्याच आठवड्यात बंद कराव्या लागल्या.

तांबटाने खारीसाठी नवी फांदी ठोकून पाहिली आणि पुन्हा घर कोरलं, जुन्या मापाचं. खार अंग चोरून आत गेली, दोन पिलांना कुशीत घेऊन बसली, मग तिने डोकं बाहेर काढलं.

"ठीक आहे ना, ताई?" तांबटाने विचारलं.

"दार अजून जरा अरुंद करता येईल का, भाऊ?" ती म्हणाली.

तात्पर्य : मोठ्याच्या चुकीपायी केलेला नियम मोठ्याच्याच मापाने लहानावर लादला, तर तो सारखा नियम नव्हे, अन्याय आहे. माप ठरवणाऱ्याने ते आधी स्वतःच्या दाराला लावून पाहावं.