शपथेचा साक्षी

पूर्वी चीन देशात वृद्ध राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीकाठच्या एका नगरात गरीब पंडिताच्या घरी जन्मला होता. वडील वारल्यावर तो मुलांना अक्षरे शिकवून आईला सांभाळी. राजदरबारात एखादी जागा मिळावी, एवढीच त्याची इच्छा होती.

त्या नगरात गणिकांची एक गल्ली होती. तिथे नुसत्या श्रीमंतीने कुणाला प्रवेश मिळत नसे. पहिल्या भेटीत पाहुण्याला फक्त चहा मिळे. मग त्याने कविता लिहून पाठवायची. उत्तर आले, तरच पडद्याआडून गाणे ऐकायला मिळे. एखाद्याने साक्षीदारासमोर गणिकेशी केसांच्या बटांची अदलाबदल करून शपथ घेतली, तर ती त्याची वाग्दत्ता ठरे. मग घराच्या मालकिणीलाही तिला दुसऱ्याच्या हवाली करता येत नसे.

बोधिसत्त्वाचा मित्र हानशेंग याने सुयुन नावाच्या गणिकेशी अशीच शपथ घेतली. साक्षीला बोधिसत्त्व होता. त्यानंतर सुयुनने इतर पाहुण्यांना भेटणे बंद केले आणि हानशेंग परीक्षेसाठी राजधानीला गेला.

तो उत्तीर्ण झाला. प्रधानाने त्याला आपली मुलगी देऊ केली. नगरात परतल्यावर तो सुयुनकडे गेलाच नाही, बोधिसत्त्वाकडे आला. दरबारात लेखनिकाची जागा रिकामी आहे, ती तुला मिळवून देतो, असे म्हणून तो थोडा थांबला.

"तुला खोटं बोलायचं नाही. फक्त गप्प बसायचं."

बोधिसत्त्वाने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. पण त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. मुले धडा म्हणत, तो दुसरेच काही ऐकत असे. घास पुढे धरून आई वाट पाहत बसे. मला कुणी विचारलेले नाही, मग मी आपणहून का बोलावे, असे तो मनाला समजावी. आणि समजूत पटली असे वाटताच उठून पुन्हा नदीकाठी फेऱ्या घालू लागे.

अशीच पावले एके दिवशी त्याला त्या गल्लीत घेऊन गेली. मालकिणीने सुयुनला मिठाच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला देण्याचे ठरवले होते. शपथ कसली, मुली स्वप्ने पाहतात, असे ती सगळ्यांना सांगत होती. सुयुन अंगणात बसली होती. बोधिसत्त्वाला पाहून ती रडली नाही की रागावली नाही.

"सगळे म्हणतात, असं काही झालंच नाही," ती म्हणाली. "आता मलाही वाटतं, मीच मनात रचलं असेल."

बोधिसत्त्वाचे पाय जागीच थांबले.

"झालं होतं. मी तिथे होतो."

तो तडक गल्लीच्या पंचांकडे गेला. पंचांनी हानशेंगला बोलावले आणि बोधिसत्त्वाने सर्वांदेखत साक्ष दिली. हानशेंगने मान खाली घातली. हिच्याशी लग्न कर, नाहीतर हिला मोकळी कर, पंच म्हणाले. शपथ पुरुषाने मोडली, तर यापुढे हिच्यावर मालकिणीचाही हक्क राहणार नाही.

सुयुन पुढे आली. "मला लग्न नको. जे झालं, ते झालं होतं, एवढं यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणावं."

मग हानशेंग हळूच म्हणाला, "झालं होतं."

सुयुन आपले तंतुवाद्य घेऊन त्या घरातून बाहेर पडली आणि दूरच्या गावी मुलींना गाणे शिकवू लागली. हानशेंगचे प्रधानाच्या मुलीशी ठरलेले लग्न मोडले. बोधिसत्त्वाला दरबारातली जागा मिळाली नाही. आईने एकदाच कारण विचारले. त्याने सांगितले, आणि ती त्याच्या पानात भात वाढत राहिली. त्या दुपारी त्याला शांत झोप लागली.

विहारात जमलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून धर्मगुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, दिलेला शब्द नाकारून आज सकाळपासून विहारात येरझाऱ्या घालणारा हा भिक्षू, तोच तेव्हाचा हानशेंग. समोर बसलेली ही वृद्ध भिक्षुणी म्हणजे सुयुन. बोधिसत्त्वाची ती आई या जन्मीही माझीच माता झाली. आणि ज्याला नुसते गप्प बसायला सांगितले होते, पण जो बोलला, तो मी." सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, ती हीच.