राजाचा न सांगितलेला निरोप

एकदा एका राजाने आपल्याच प्रजेची समजूत घालायला एका वृद्ध आचार्यांना पाठवले, आणि आचार्य राजाचा निरोप न सांगताच परत आले.

राज्याच्या उत्तरेला उंच घाट होता आणि घाटापलीकडे दाट रानाचे पठार. शत्रू नेहमी तिथूनच चालून येत. म्हणून राजाच्या आजोबांनी काही कुटुंबांना पठारावर नेऊन वसवले होते. रान मोडा, जमीन कसा आणि सीमा राखा, एवढेच त्यांना सांगितले होते. त्यांनी ते केले. कित्येक जण हिवतापाने गेले, कित्येक हल्ल्यांत पडले, पण उरलेले मागे हटले नाहीत. ते स्वतःला राजाची माणसे म्हणवत. पठारावर कोणी वारले की त्याच्या अस्थी घाट उतरून राजधानीच्या संगमावर आणत. आपले मूळ तिथले, तेव्हा शेवटही तिथेच व्हावा, अशी त्यांची श्रद्धा होती.

पुढे या राजाने दूर दक्षिणेत युद्ध काढले आणि पठारावरच्या तरुणांना सैन्यात बोलावले. पठाराचा प्रमुख म्हाळोजी याने नम्रपणे कळवले, की मुले तिकडे गेली तर इकडची सीमा उघडी पडेल. त्यावर राजाचा अधिकारी शिपाई घेऊन आला. पठारावरच्या लोकांनी त्याला घाटाखाली परत नेऊन सोडले. कोणाला जखमही झाली नाही, परंतु राजधानीत बातमी पोचली ती बंडाची.

राजा संतापला, तरी अविचारी नव्हता. आचार्य तरुणपणी काही काळ पठारावर राहिले होते, तिथे त्यांच्या शब्दाला मान होता. राजाने त्यांना बोलावून सांगितले, की झाले गेले सारे माफ आहे, मुलेही पाठवू नयेत. म्हाळोजीने फक्त एकदा दरबारात येऊन नमस्कार करावा. आचार्यांबरोबर त्यांचा शिष्य श्रीरंग निघाला. एवढा उदार निरोप नाकारील कोण, असे त्याला वाटत होते.

ते पोचले तेव्हा म्हाळोजीच्या घरी सुतक होते. त्याची आई गेली होती आणि नेमके त्याच दिवशी अस्थिविसर्जन होते. पाहुण्यांना पाणी देऊन म्हाळोजी मडके घेऊन निघाला. घाटाच्या वाटेला न लागता तो गावामागच्या नदीकडे वळला, तेव्हा आचार्य थांबले. संगमावर नेणार नाहीस का, असे त्यांनी विचारले.

म्हाळोजी म्हणाला, "वडिलांच्या नेल्या होत्या, महाराज. वेशीवर अडवलं. आमचं बोलणं आता निराळं झालंय, पेहराव निराळा. पहारेकरी म्हणाला, कुठल्या मुलखातले? मी म्हटलं, इथलेच. तो हसला. वाईट काही बोलला नाही, ओळखीचं माणूस आणा म्हणाला. तिथं आमच्या ओळखीचं कोण राहिलंय? पाऊस लागेपर्यंत वेशीबाहेर बसलो आणि तसेच परत आलो. आई बरोबर होती. परवा डोळे मिटताना म्हणाली, मला तिकडं नेऊ नको."

हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादे जुने दुखणे सांगावे तसे तो सांगत होता.

आचार्य नदीत उतरले, त्या अनोळखी म्हातारीसाठी त्यांनी ओंजळभर पाणी सोडले, सुतकाच्या घरचे साधे जेवण जेवले आणि दुसऱ्या सकाळी परतीच्या वाटेला लागले.

श्रीरंगाने घाटमाथ्यापर्यंत कसाबसा धीर धरला. मग मात्र तो म्हणाला, "गुरुदेव, ज्यासाठी आलो ते आपण बोललाच नाहीत."

आचार्य एका दगडावर टेकले. "क्षमा आपल्या माणसाला करायची असते, श्रीरंग. ते आपले आहेत हे आपणच वेशीवर ओळखलं नाही. ज्या पाण्यात माणूस आईच्या अस्थी सोडतो, तो त्याचा देश. त्यांचं वेगळं होणं केव्हाच घडून गेलंय, आपल्याला ते काल दिसलं. मी निरोप सांगितला असता, तर म्हाळोजीला चारचौघांत नाही म्हणावं लागलं असतं, आणि त्या उत्तरानंतर राजाला युद्धावाचून मार्ग उरला नसता. आता मी राजाला सांगेन, की त्यांना वेगळं होऊ द्या. वेगळं बिऱ्हाड केलेल्या मुलाशीही नातं राहतं."

"आणि राजाने ऐकलं नाही तर?"

"तर मी काल बोलायला हवं होतं, असं तुला जन्मभर वाटत राहील," आचार्य म्हणाले. "मलाही."

राजाने ऐकले नाही. आचार्य थकले आहेत, असे तो दरबारात म्हणाला, आणि थंडी सरताच सैन्य घाट चढू लागले. त्या सैन्याला घाट नकाशावर ठाऊक होता; पठारावरच्या लोकांचे बालपण त्यात गेले होते. अरुंद वाटेत सैन्य कोंडले गेले. पठारावरचीही अनेक घरे त्या लढाईत ओस पडली, पण ते जिंकले. श्रीरंगाचा थोरला भाऊ मुकुंद सैन्यात होता, तो परत आला नाही. श्रीरंगाने गुरूंना एका शब्दानेही दोष दिला नाही, परंतु कित्येक महिने तो त्यांच्यासमोर पाठाला बसू शकला नाही.

अखेर तह झाला. राजाने पठाराचे स्वातंत्र्य मान्य केले. पहिल्या सभेला यावे म्हणून म्हाळोजीने आचार्यांना बोलावणे पाठवले. म्हाताऱ्या माणसाला घाट एकट्याने चढवणार नाही, हे जाणून श्रीरंग आपण होऊन त्यांच्याबरोबर निघाला.

सभेपूर्वी म्हाळोजी त्यांना भेटायला आला. तो खूप वाळला होता. बाहेर ढोल वाजत होते, तरुण जयघोष करत होते. तो खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "महाराज, आज लोकांपुढं बोलायचंय. आमची पोरं मोठी होतील आणि विचारतील, हे कोणाशी लढून मिळवलं. त्यांना काय सांगू?"

आचार्यांनी श्रीरंगाकडे पाहिले.

श्रीरंग म्हणाला, "भावाशी लढलो, असं सांगा."

मुकुंदाचे म्हाळोजीला ठाऊक नव्हते. त्याने ते शब्द मनाशी एकदा म्हणून पाहिले, मान हलवली आणि तो सभेकडे निघाला. आचार्यांनी शिष्याचा हात धरला, आणि दोघे त्याच्या मागून सावकाश चालू लागले.