घासलेली बरणी

एका तालुक्याच्या गावात मुरारी पांचाळ नावाचा कारागीर राहत होता. पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून देणे हा त्याचा धंदा. हात कसबी होते, आणि आपले हात कसबी आहेत हे चार लोकांनी येऊन सांगावे अशी त्याला भारी हौस होती. ही हौस कुणाला नसते? म्हणून गावाने तिला कधी दोष मानले नाही.

त्याची बायको द्वारका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. बोलणे शाबूत होते, एक हात थोडा हलायचा. कूस मात्र कुणी बदलून दिली तरच बदलायची. सुरुवातीला गल्लीतल्या बाया रोज येऊन बसत. मग सणावाराला येऊ लागल्या. पुढे पुढे दारावरूनच "बरं आहे ना, द्वारकाबाई?" असे विचारून उत्तराची वाट न पाहता जाऊ लागल्या. दुखणे लांबले की माणसांची माया आटते. हे वाईट आहे, पण असेच आहे.

बायकोचा दिवस जावा म्हणून मुरारीने एक काचेची पेटी आणली, तिच्यात शेंदरी रंगाचे गोल्डफिश सोडले आणि पेटी खाटेसमोर मांडली. द्वारकेने माशांना नावे दिली. गल्लीतल्या ज्या बाया येईनाशा झाल्या होत्या, त्यांचीच नावे. शेवंता, गोदाकाकू, रखमा, शिंपिणीची कुसुम. दिवसभर ती त्यांच्याशी बोलत असे. मुरारी दुपारी जेवायला आला की ती सांगायची, "आज गोदाकाकू रुसलीय. कोपऱ्यातून हलत नाही." मुरारी हसायचा. त्या घरात पुष्कळ दिवसांनी कुणीतरी हसत होते.

पण गोल्डफिश खातात फार आणि घाणही फार करतात. पेटीतले पाणी सारखे गढूळ व्हायचे. मासे दिसेनासे झाले की द्वारका गप्प व्हायची. पाणी गाळणारे चांगले यंत्र शहरातून आणायचे तर ते ऐपतीबाहेरचे होते. मुरारी म्हणाला, "मीच बनवतो."

त्याने फिरकीच्या झाकणाची एक मोठी, आरपार दिसणारी प्लॅस्टिकची बरणी घेतली. तळाशी फुटक्या कौलांचे तुकडे भरले, त्यावर स्पंज, त्यावर उशीतला कापूस. झाकणाला दोन भोके पाडून नळ्या बसवल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेटोळे कापून झाकणाखाली घातले, पाणी पाझरू नये म्हणून. पेटीतले पाणी एका नळीने खाली बरणीत उतरायचे, थरांतून गाळले जायचे, आणि कूलरचा लहान पंप ते दुसऱ्या नळीने वर चढवायचा. पहिल्या दिवशी बरणी गळली आणि खाटेखाली तळे साचले. दुसऱ्यांदाही गळली. द्वारका म्हणाली, "आता मलाच पोहायला शिकवा." तिसऱ्यांदा मात्र थेंबही सांडला नाही.

एवढ्यावर भागणार नाही, हे मुरारीला माहीत होते. त्याने चौकशी केली होती, वाचले होते. तो बायकोला म्हणाला, "महिना-सव्वा महिना दम धरायचा. कौलांवर, स्पंजावर तपकिरी बुळबुळीत थर चढेल. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. माशांच्या घाणीतलं विष तेच पचवतात. बरणी काही करत नाही. करतात ते हे."

"म्हणजे त्यांना दुखवायचं नाही," द्वारका म्हणाली.

"अजिबात नाही."

दोघांनी दम धरला. थर चढला आणि पाणी निवळले. काचेमागे शेवंता नि रखमा दिवसभर फिरू लागल्या. द्वारकेच्या तोंडावर तजेला आला. हे सगळे आहे तसे राहिले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

मुरारीच्या बरणीची गावभर चर्चा झाली आणि एके दिवशी बापूसाहेब निंबकर ती पाहायला आले. हे गावातले बडे प्रस्थ. स्वतः कधी काही केलेले नाही, पण दुसऱ्याने केलेल्यावर मत द्यायला सदैव तयार. त्यांनी पेटी पाहिली, मान डोलावली, मग वाकून बरणी पाहिली आणि नाक मुरडले.

"पांचाळ, काम झकास आहे. पण हा चिखल कसला साठवलाय? घरात आजारी माणूस, आणि उशाशी ही घाण?"

मुरारीने तोंड उघडले. जे बायकोला सांगितले होते तेच यांनाही सांगायचे होते. पण बापूसाहेबांच्या नाकाला पडलेली घडी पाहून त्याने बोलणे फिरवले. "साफ करणारच होतो," तो म्हणाला.

"करा. रविवारी चार प्रतिष्ठित मंडळी घेऊन येतो."

शनिवारी मुरारीने बरणी उचलून मागच्या अंगणात नेली. द्वारकेला खिडकीतून घासणीचा आवाज आला.

"अहो, काय करताय?"

"बरणी धुतोय."

"तुम्हीच म्हणाला होता ना, त्याला हात लावायचा नाही म्हणून?"

"एकदा धुतल्यानं काही होत नाही. माणसं येणार आहेत."

"माणसं बघून जातील. मासे इथंच राहायचेत."

मुरारीने ऐकले. ऐकले नाही असे नाही. पण कढत पाण्यात धुण्याची पावडर टाकून त्याने एकेक कौल घासले, स्पंज पिळून पिळून पांढरा केला आणि सगळे उन्हात वाळत घातले. ज्याला ठाऊक नसते तो चुकतो, त्याला क्षमा आहे. याला सगळे ठाऊक होते.

रविवारी मंडळी आली. बरणी लखलखत होती, पाणी आरशासारखे होते. बापूसाहेब पेटीशेजारी उभे राहिले आणि फोटो निघाले. "आता कसं!" ते म्हणाले. कुणीतरी कौतुकाने बिस्किटांचा चुरा पाण्यात टाकला. ते पाहून दुसऱ्याने चिवडा टाकला. मुरारीला नको म्हणायचे होते. तो हसत राहिला. खाटेवरच्या बाईकडे पाहुण्यांपैकी कुणाचे लक्ष गेले नाही. तिचे लक्ष मात्र पेटीकडे होते. गोदाकाकू वर येऊन पाण्याबाहेर तोंड काढत होती.

"अहो," ती म्हणाली, "पाणी बदला."

मुरारीलाही ते दिसले होते. पण पाणी बदलायचे म्हणजे बादल्या आणायच्या, पेटी ढवळायची, आणि बरणीत काहीतरी बिघडले आहे हे सगळ्यांसमोर कबूल करायचे. "चहा होऊ दे," तो म्हणाला. चहा झाला. मग बापूसाहेबांना आणखी एक फोटो हवा होता. मग पान झाले.

मंडळी गेल्यावर मुरारी धावला. अर्धे पाणी काढले, साठवणीचे घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पण जे जमायला सव्वा महिना लागला होता ते बादलीने थोडेच परत येते? आधी शेवंता उलटी तरंगली. मग कुसुम. मुरारी दुकानातून आला की द्वारका शांतपणे सांगायची, "रखमा गेली बघा." त्यांचे कल्ले लाल होताना, त्यांची धडपड मंद होताना तिने सगळे पाहिले होते. खाट पेटीकडे तोंड करून होती. तिला दुसरे काही पाहता येण्यासारखे नव्हते.

गोदाकाकू सर्वांत शेवटी गेली. जिच्या नावाची ती होती, ती बाई त्याच दिवशी दारावरून "बरं आहे ना?" विचारून पुढे गेली.

पेटी रिकामी झाली तरी पंप चालूच होता. पाणी इतके नितळ होते की समोरच्या भिंतीचा पोपडासुद्धा त्यातून दिसत होता. तेवढ्यात बापूसाहेबांचा माणूस निरोप घेऊन आला, की फोटो फार सुरेख आले आहेत, साहेब अजून काही मंडळी घेऊन येणार आहेत. मुरारीने त्याला उभ्या उभ्या परत पाठवले. मग तो खाटेपाशी येऊन बसला. त्याला रडू आवरत नव्हते.

"द्वारके, शहरात जातो. नवे आणतो. याहून मोठे आणतो."

"नकोत," ती म्हणाली.

"बरणी पुन्हा भरू. या वेळी हात लावणार नाही. तुझी शपथ."

द्वारकेने त्याच्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

"तुम्ही दमलाय," ती म्हणाली. "एवढं एक करा. माझी कूस बदला. मला पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून निजवा."

मुरारीने दोन्ही हातांनी तिला अलगद उचलले आणि भिंतीकडे वळवून निजवले. त्यानंतर तिने पुन्हा कूस बदलून मागितली नाही.

तात्पर्य: लोकांच्या नाकासाठी जो घरातला आधार घासून टाकतो, त्याच्यापाशी शेवटी चकचकीत भांडे तेवढे उरते, आणि आपल्याला ठाऊक असलेले खरे जो ऐन वेळी बोलत नाही, त्याची किंमत त्याच्या जवळच्या माणसाला मोजावी लागते.