खोडलेलं वाक्य

एका विज्ञानसंस्थेचे संचालक डॉ. केळुसकर यांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता: स्वतःचा प्रबंध आणि स्वतःचं मत. तिथे विज्ञानाचा इतिहास शिकवणाऱ्या डॉ. उर्मिला गवाणकर यांचं पद ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला त्यांनी बैठक बोलावली. बंद करायचं हे त्यांनी सकाळी चहा घेतानाच ठरवून टाकलं होतं.

"मॅडम, जे चूक ठरलं ते विज्ञान नाही, रद्दी आहे," ते म्हणाले. "रद्दी सांभाळायला आम्ही प्राध्यापक कशाला ठेवायचा?"

"हे वाक्य इतिवृत्तात येऊ द्या," गवाणकरबाई शांतपणे म्हणाल्या.

इतिवृत्त लिहिणाऱ्या साटमबाईंनी संचालकांकडे पाहिलं. "घ्या की लिहून," ते ऐटीत म्हणाले.

वाक्य लिहून झाल्यावर गवाणकरबाईंनी पिशवीतून काळ्या बांधणीचा एक प्रबंध काढून टेबलावर ठेवला. "सर, हा तुमचा. याच्यावर तुम्हाला डॉक्टरेट मिळाली आणि पुढे ही खुर्ची. यातला निष्कर्ष दहा वर्षांपूर्वी चूक ठरला. आता हा रद्दीत घालू, की त्या काळी तो उत्तम का मानला गेला, हे मुलांना शिकवू? शिकवायचं तर माझं पद लागेल."

टेबलाभोवती सगळ्यांना एकदमच खोकला आला.

केळुसकरांनी बराच वेळ चष्मा पुसला. "साटमबाई, पद चालू ठेवलं असं लिहा. आणि ते वाक्य खोडा."

"खोडा," गवाणकरबाई म्हणाल्या, "पण वाचता येईल असं खोडा. पुढे कुणा इतिहासकाराला लागेल."