तातडीचा अर्ज

“पण सर, सगळ्यांचंच ऐकत बसायचं, तर मग नियम करायचा तरी कशाला?”

तात्यासाहेब रेगे ओटीवर पावटे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

निरंजन खोत याच ओटीवर त्यांच्या हाताखाली वकिली शिकला होता. आता तो तालुक्याच्या गावी न्यायाधीश होता आणि आपल्या न्यायालयाच्या कामकाजाची नियमावली तयार करत होता. मसुदा वकील संघाकडे पाठवून त्यानं सूचनाही मागवल्या होत्या.

“आल्या सूचना?”

“आल्या. सूचना कसल्या, ज्याची त्याची सोय! कुणाला उशिरा यायचंय, कुणाला पुढची तारीख हवीय. सगळ्या बाजूला ठेवल्या.”

“सगळ्या?”

“मुजावर वकिलांची तेवढी… डोक्यातून जात नाही.”

नियम साधा होता. तातडीचा अर्ज आदल्या दिवशी चारच्या आत कचेरीत द्यायचा. ऐनवेळी उठून कुणी ‘साहेब, फार तातडीचं आहे’ म्हणायचं नाही. निरंजननं तो काही दिवस चालवूनही पाहिला होता. कामं भराभर उरकत होती. त्या नियमासमोर मुजावरांनी एवढंच लिहिलं होतं : हा नियम नको.

“कारण दिलं नाही त्यांनी?”

“नाही.”

“पण तुला ठाऊक आहे.”

निरंजननं सुपातली एक शेंग उचलली. मग म्हणाला, “गेल्या गुरुवारी ते एका बाईला घेऊन आले. सुंद्राबाई. नवरा गेलेला. दीर घर पाडायला निघाला होता, मजूर दारात आले होते. मनाई हुकूम हवा होता. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. अर्ज आज द्या, उद्या ऐकतो.”

“ऐकलास?”

“दुसऱ्या दिवशी अर्ज पहिला घेतला, सर.”

“आणि घर?”

“…गुरुवारी संध्याकाळीच पडलं होतं.”

तात्यासाहेब उठले. पावट्यांचं सूप उचललं, आत गेले आणि दार लावून घेतलं. कडी वाजली.

निरंजनला वाटलं, येतील. पण दार उघडेना. शेजारच्या ओटीवरून एक बाई बघत होती. तो ओशाळला. शेवटी त्यानं कडी वाजवली.

“सर?”

“कोण?”

“मी. निरंजन.”

“काल कळवलं होतंस, येणार म्हणून?”

“नाही सर. पण जरा तातडी…”

शब्द तोंडातच राहिला.

तो पायरीवर बसला. नियम आपण किती सुबक लिहिला आहे, हे सांगायला तो इथे आला होता. आता त्यातलं एक वाक्यही त्याला आठवेना. आठवत होती ती कोर्टाच्या दारात चप्पल हातात घेऊन उभी राहिलेली सुंद्राबाई. तिच्याकडे त्यानं त्या दिवशी नीट पाहिलंही नव्हतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तात्यासाहेबांनी तांब्याभांडं पुढे केलं. तो पाणी प्यायला.

“काढून टाकतो तो नियम.”

“टाक. उद्या सकाळी सगळेच तातडीचे होतील. त्या गर्दीत ती बाई पुन्हा मागेच उभी राहील.”

“मग लिहू तरी काय?”

तात्यासाहेब सूप बाहेर आणून पुन्हा पावटे सोलायला बसले.

“शनिवारी वकील मंडळींना बोलावलंय,” निरंजन हळूच म्हणाला. आवाजातला ताठा उतरला होता. “मुजावरही येतील. त्यांच्याकडे नव्यानं सूचना मागतो.”

“सूचना नको मागूस.”

“मग?”

“त्या गुरुवारी संध्याकाळी, घर पडत होतं तेव्हा ते कुठे होते आणि त्यांनी काय पाहिलं, एवढंच विचार.”