तहान कुणाची?

तांबरा ग्रहावर पाणी फक्त जमिनीखालच्या बर्फात होतं. पृथ्वीवरून आलेली माणसं घुमटाखाली राहत आणि तो बर्फ खणून काढत. पण वितळलेल्या पाण्याचा नळ प्रशासक रणधीरच्या ताब्यात होता. "इथं पहिलं पाऊल मी ठेवलं, म्हणून इथलं सगळं माझं," असं तो उठता-बसता सांगे. खाणकऱ्यांनी थोडी विश्रांती मागितली, तेव्हा चिडून त्यानं वस्तीचं पाणीच तोडलं.

दुसऱ्या दिवशी सुईण सोनाक्का त्याच्या कचेरीत गेली. मागोमाग अख्खी वस्ती आली.

"साहेब, बाळंतिणींचं दूध आटलंय. नळ सोडा."

रणधीर हसला. "माझी नसलेली एक तरी गोष्ट या ग्रहावर दाखव, लगेच सोडतो. नाही जमलं, तर घुमटाबाहेर जायचं."

बाहेर श्वास घेण्याजोगी हवा नव्हती. सोनाक्कानं सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली आणि ती शांतपणे म्हणाली, "आमची तहान."

"तीही माझीच!"

"मग आमच्यासारखं पाण्यावाचून राहून दाखवा. आम्ही खुशाल बाहेर जातो. राहवत नसेल, तर तहान आमची म्हणा आणि नळ सोडा."

"हिला बाहेर काढा!" रणधीर दारातल्या पहारेकऱ्यावर खेकसला.

पहारेकरी जागचा हलला नाही. "साहेब, शब्द दिलाय तुम्ही," तो म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा रणधीरवर खिळल्या. शेवटी त्यानं मान खाली घालून नळाची किल्ली पुढे केली.

ती घेऊन पहारेकरी पळत सुटला. त्याची बायको परवाच बाळंत झाली होती.