शंखातले की शिंपल्यातले?

धवळखडीच्या डोंगरातली चुनखडी दुधासारखी पांढरीशुभ्र. गावाच्या चुनाभट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरच चालत. एके दिवशी अप्पासाहेब इनामदारांनी खाणीवर पहारा बसवला. डोंगर म्हणे त्यांच्या घराण्याचा! भट्टीवाली कोंडाबाई पदरात चुनखडीचा धोंडा बांधून तडक दरबारात गेली.

महाराजांनी इनामदारांना शपथ घ्यायला सांगितलं. त्यांनी मिशीला पीळ भरला, बेलभंडारा उचलला आणि गरजले, "हा डोंगर झाला, त्या दिवसापासून आमचे पूर्वज इथले मालक!"

"अगदी त्या दिवसापासून?" कोंडाबाईने विचारलं.

"शंका आहे की काय?"

"छे हो!" असं म्हणत तिने पदरातला धोंडा पायरीवर आपटला. तो फुटला, तर आत इवल्याइवल्या शंखशिंपल्यांची नुसती दाटी!

"महाराज, हा डोंगर घडला तेव्हा इथे समुद्र होता. इनामदारांनी एवढंच सांगावं, त्यांचे पूर्वज शंखात राहत होते की शिंपल्यात?"

महाराज पगडी सावरत हसत सुटले. खोटी शपथ उघडी पडली आणि खाण गावाकडेच राहिली. धवळखडीत अजूनही कुणी घराण्याच्या बढाया मारू लागला की बायका विचारतात, "तुम्ही कुठले हो? शंखातले की शिंपल्यातले?"